काळ्या स्क्रीनमागचं बाळंतपण

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मानपानाची बोलणी चालली होती आणि मी कोपऱ्यात बसून एकच गोष्ट मनाशी पक्की करत होते. घ्या म्हटलं, काय हवा तो मान घ्या, पंगतीत जिलबी ठेवा नाहीतर गुलाबजाम, पण पहिलं बाळंतपण माझं. माझ्या घरात, माझ्या हातचं. पुढे लेक-जावई नोकरीसाठी जर्मनीला गेले, तेव्हाही मी डगमगले नाही. विमानं काय फक्त जाण्यासाठी असतात का?

माझं स्वतःचं बाळंतपण चांदवडला झालं, माझ्या आईकडे. बाळंतिणीची खोली अंधारी असायची. खिडकीला जाड पडदा, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी. आई दिवसभर बाहेर चुलीपाशी, ओट्यावर, गोठ्यात. दिसायची कमी, पण ऐकू सतत यायची. मी जरा कूस बदलली की बाहेरून आवाज यायचा, "पडून ऱ्हाय गं गप. लय शहाणपण नको." मला तेव्हा वैताग यायचा. पण त्या आवाजावर मी गाढ झोपायचे, हेही खरं. लेकीला द्यायचं होतं ते हे. लाडू काय, विकतही मिळतात.

लेकीला दिवस गेले, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाब वाढतोय, प्रवास नको. बरं, म्हटलं, मी येते. व्हिसा झाला, तिकीट झालं. डिंक आणला, अळीव आणले, खारकांची पूड केली, बाळंतशोपा निवडून ठेवल्या. बॅग भरून दारात उभी होती म्हणा ना! आणि ह्यांच्या छातीत कळ आली.

ह्यांच्या हृदयाला सगळ्या आयुष्यात सवड मिळाली नव्हती, ती नेमकी तेव्हा मिळाली. दोन स्टेंट घातले. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने एकटं सोडू नका, लांबचा प्रवास तर अजिबात नाही. मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बाई नवऱ्यासाठी रडतेय. होतेच नवऱ्यासाठी, पण अर्धी.

लेकीला सासूबाई नाहीत, त्या जावई लहान असतानाच गेल्या. म्हणजे तिच्याजवळ बाईमाणूस असं कुणीच नाही. बाळ झालं, मुलगा. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून घरी पाठवलं तिला. इकडे मी नाशिकला इंदिरानगरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी तिचाच जुना लॅपटॉप उघडून बसलेली. व्हिडिओ कॉल लागला की बोलायचं, संपला की हात चोळत बसायचं. दिवसातून दहा वेळा लावायचा, दहा वेळा तोडायचा. दर वेळी तोडताना तिचं तोंड असं व्हायचं की मला जेवण जायचं नाही.

एक दिवस ती म्हणाली, "आई, तोडूच नकोस ना. चालूच राहू दे. मी माझं करते, तू तुझं कर."

"अगं, पण दिवसभर ती स्क्रीन उघडी? तू बाळाला पाजणार, जावई बनियनवर हिंडणार..."

"लॉक कर. मीही करते. नाहीतरी त्या उजेडानं हा झोपत नाहीये."

मी लॅपटॉप मिटला. कॉल गेला. तिनं फोन केला, "मिटायचा नाही गं! मिटला की तो झोपतो. लॉक करायचा." खाली डाव्या हाताला खिडकीचं चित्र असलेलं बटण आहे, ते आणि एल, दोन्ही एकदम दाबायचं. दाबलं. तिचा चेहरा गेला, कुठल्याशा तळ्याचं चित्र आलं, वर घड्याळ आलं, आणि थोड्या वेळानं तेही जाऊन सगळं काळंठिक्कर. मी म्हटलं, "गेलं गं बाई सगळं." तर त्या काळोखातून तिचा आवाज आला, "कुठे गेलं? मी आहे ना."

मला काही कळेना. तिनं समजावलं. "आपण घराला कुलूप लावून बाहेर जातो, तेव्हा आतला फ्रिज बंद पडतो का? चालूच असतो ना? तसंच आहे. बाहेरून कुलूप, आत सगळं चालू."

हे पटलं. आणि मग आमचं खरं बाळंतपण सुरू झालं.

तिची सकाळ म्हणजे माझी जेवणाची वेळ. ती उठली की तिकडून कॉल लावायची, दोन मिनिटं चेहरा बघायचा, बाळाचं तोंड बघायचं, आणि मग दोघींनी लॉक करून टाकायचं. दिवसभर दोन घरं एकमेकांत मिसळून चाललेली असायची. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली की मी इथे उठून गॅस बारीक करायला जायचे, आणि ओट्यापाशी पोचल्यावर कळायचं की आपण कुकर लावलेलाच नाही. आमच्या गल्लीत घंटागाडी आली की ती तिकडून ओरडायची, "आई, कचरा!" मेथीवाला ओरडला की म्हणायची, "घे गं, कोवळी असेल." मी मेथी घ्यायचे, आणि निवडताना हळूच डोळे पुसायचे. तिला मेथी फार आवडते, तिथे मिळत नाही. दिसत नव्हतं कुणाला, तेवढं बरं होतं.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा साखर मागायला आल्या आणि बोलत बसल्या. जावयाला पगार किती, घर भाड्याचं की स्वतःचं, सगळी चौकशी. मी डोळ्यांनी खुणावतेय, टेबलाकडे मान हलवतेय, पण त्यांना तिथे नुसता काळा लॅपटॉप दिसतोय. शेवटी लॅपटॉपमधून जावईच बोलले, "वहिनी, भाड्याचं आहे." वहिनींच्या हातून साखरेची वाटी पडायचीच बाकी राहिली. त्यानंतर बरेच दिवस त्या दारातूनच बोलायच्या.

बाळाशी मीच बोलायचे जास्त. लेक अंघोळीला गेली की सांगून जायची, "आई, बघ गं जरा." बघ कसलं, स्क्रीन तर काळी. पण बघायचे मी. त्याचा श्वास ऐकायचे. कुरकुरला की सुरू करायचे, "कोण रे ते? कोण आहे लबाड?" की गप्प. झोपवायला मी माझंच काहीतरी रचलं होतं. गळा नाही मला, पण त्याला कुठे मैफल ऐकायची होती? "निजलं कोण, निजलं कोण? माऊ निजली, काऊ निजला, बटणं बंद करणारा म्हातारा निजला." असं घरातलं, गल्लीतलं एकेक माणूस निजवत जायचं. भाजीवाला, दूधवाला, खालच्या वहिनी, सगळे. बहुतेक वेळा वहिनींपर्यंत पोचेपर्यंत पोरगं झोपलेलं असायचं.

आता तो बटणं बंद करणारा म्हातारा. हे वीज खात्यातून निवृत्त झाले. उभा जन्म लोकांना वीज पुरवली आणि घरात एक दिवा जास्त जळू दिला नाही. जे डोळ्यांना चालू दिसत नाही ते बंद असलं पाहिजे, नाहीतर ते करायचं, हा ह्यांचा धर्म. टीव्हीचा लाल ठिपकासुद्धा ह्यांना सहन होत नाही.

बाळ दहा-बारा दिवसांचं असेल. नीट पीत नव्हतं. लेक रडकुंडीला आलेली, जावई कामावर. मी इकडून सांगतेय, असं धर, तसं धर. तेवढ्यात दारावर गॅस सिलिंडरवाला. म्हटलं, "थांब हं, आले." त्याचे सुटे पैसे, सही, जुनं सिलिंडर, यात जरा वेळ गेला. परत येऊन टेबलाशी बसले आणि बोलायला लागले. "आडवं नको धरूस गं. डोकं कोपराच्या खोबणीत घे. पाठीला उशी लाव. घाई करू नको, पोर आहे ते, मशीन नाही." पलीकडून काही नाही. म्हटलं, लागला वाटतं प्यायला! लेकीला बोलायची उसंत नसेल. मला इतका आनंद झाला की विचारू नका. मग मी हळू आवाजात सुरूच ठेवलं. तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, तीसुद्धा कशी पीत नव्हती, माझ्या आईनं मला कसं बसवलं, काय काय. बोलता बोलता माझे डोळे भरून आले.

हे पेपर घेऊन आले. म्हणाले, "कुणाशी बोलतेयस?"

"हळू! पितंय बाळ."

"कुठे पितंय? वायफाय तर मी मघाशीच बंद केलं. नुसताच चालू होता डबा, स्क्रीन तर काळी."

लॉक केलेली स्क्रीन आणि तुटलेला कॉल, दोन्ही सारखेच दिसतात हो. मला कळायचं कसं? फोन आतल्या खोलीत, सकाळच्या पूजेपासून मुका करून ठेवलेला. बघते तर तिचे कितीतरी कॉल येऊन गेलेले आणि खाली एकच ओळ, "आई, तू पण गेलीस का?"

त्या 'पण'नं माझ्या काळजाचं पाणी झालं. मी ह्यांच्यावर अशी बरसले की स्टेंट घातलेत हेही विसरले. "अहो, ती पोर तिकडे एकटी रडतेय आणि तुम्ही इकडे बटणं मोजताय! एवढी कसली हो काटकसर?" एरवी शब्दाला शब्द लावणारा माणूस, पण त्या दिवशी तोंड एवढंसं झालं. दुपारभर काहीतरी कापत-चिकटवत बसले. विजेच्या खात्यात एक रीत असते. कुणी खांबावर चढलं असेल तर खालच्या स्विचला पाटी लावतात, लाइनवर माणसं आहेत, स्विचला हात लावू नये म्हणून. ह्यांनी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, लाल पेनानं लिहिलं आणि बोर्डाला दोऱ्यानं टांगलं. "लाइनवर बाळ आहे. स्विचला हात लावू नये." खाली स्वतःची सही, हुद्द्यासकट.

मी रागातच होते, पण हसले. लेकीला दाखवलं तर तीही हसली. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा हसली ती.

असे महिने गेले. बाळ उताण्याचं पालथं झालं, ते मी ऐकलं, पालथं पडल्यावरचा तो 'हँ' असा आवाज. पहिला दात आला, तो चमच्यावर वाजलेला ऐकला. दिसायचा रोज, दोन-चार मिनिटं, पण तेव्हा तो हाताबाहेर वळवळत असायचा, स्क्रीनकडे बघायचा कोण? आमची खरी ओळख अंधारातली. मी मनाशी म्हणायचे, आवाज तर ओळखतो ना, मग मलाच ओळखतो. पण रात्री अंथरुणावर पडलं की हात रिकामे वाटायचे. लेकराचं वजन किती, डोक्याला वास कसला येतो, हे मला माहीतच नव्हतं. असली कसली आजी मी?

थंडीत ते आले. द्राक्षं यायला लागली होती, सकाळी नाशिक नुसतं कुडकुडत होतं. मुंबईहून गाडी येईपर्यंत मी गेटापासून दारापर्यंत किती खेपा घातल्या, देव जाणे. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, लेकीच्या गालावरून हात फिरवला. आणि म्हटलं, "आण इकडे."

लेकीनं बाळ माझ्या हातात दिलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं, कुंकवाकडे बघितलं, आणि असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली.

"नवीन आहे ना त्याला," जावई म्हणाले.

नवीन! मी नवीन! मी त्याला तसंच छातीशी धरलं आणि आपसूक तोंडातून निघालं, "कोण रे ते? कोण आहे लबाड?"

रडणं पटकन थांबलं. अंग ताठ झालं त्याचं. ऐकत होता. मी पुन्हा म्हटलं. त्यानं मान वळवली. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून मागे, खोलीभर शोधत शोधत, जेवणाच्या टेबलापर्यंत. तिथे लॅपटॉप उघडा होता, स्क्रीन काळी. त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि माझ्या हातातून दोन्ही हात त्या लॅपटॉपकडे पसरून तो झेपावायला लागला. आजीकडे जायचं होतं त्याला.

सगळे हसले. हे हसले, जावई हसले, मीही हसले. लेक नाही हसली. मग मी भाजीला फोडणी द्यायची म्हणून आत गेले आणि नळ सोडून रडून घेतलं. लागलं हो मला, फार लागलं. एवढे महिने कुठे होते मी, तर त्या काळ्या पाटीत.

पण मीही काही कमी नाही. पहिले दोन दिवस त्याला तोंड बाहेर करून घेतलं, म्हणजे आवाज मागून येईल आणि चेहरा दिसणार नाही. लॅपटॉप कपाटात टाकला. मग तेल लावताना पाठीकडून बोलायला लागले, मग बाजूनं. एकदा अंघोळीनंतर पायांवर पालथा घेऊन पुसत होते आणि वहिनींना निजवत होते, तर त्यानं मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं. ओठांकडे. हात उचलला आणि ओठ धरले माझे. मी बोलायची थांबले तर त्यानं ओढले, की पुन्हा सुरू. असं तीन-चारदा केलं. मग खदखदून हसला, त्या दोन दातांनी. त्याला सापडलं होतं, आवाज कुठून येतो ते.

त्यानंतर पोरगं मला सोडेना. लेकीकडे जाईना, ह्यांच्याकडे जाईना, झोपायचं तर माझ्याच खांद्यावर. मी एका हातानं पोळ्या लाटल्या, एका हातानं पूजा केली. लेकीला अळिवाचे लाडू खाऊ घातले, शेक दिला, केसांना तेल लावलं. ती म्हणायची, "आता कसलं बाळंतपण आई, वर्ष होईल." मी म्हटलं, गप बस, मला करू दे. ती निमूट पाट ओढून बसायची.

रजा संपली. गाडीत बसवताना त्यानं माझा पदर मुठीत धरला होता. सोडवावा लागला. जावयांनी सोडवला, माझ्याच्यानं झालं नाही.

ते पोचले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा कॉल लागला. मी कपाटातून लॅपटॉप काढून पुसून ठेवलाच होता. दोन मिनिटं बघितलं, त्यानं "आं आं" करून हात केले, मी पापे घेतले हवेतच. त्याच्या दुपारच्या झोपेची वेळ झाली होती. लेक म्हणाली, "चल आई, निजव त्याला," आणि तिनं स्क्रीन लॉक केली. मीही केली. सुरू केलं, निजलं कोण, निजलं कोण.

पलीकडे आधी शांत. मग धप्प, धप्प. लॅपटॉपवर हात मारत होता. आणि मग रडायला लागला. त्याची सगळी रडणी मला पाठ आहेत, भुकेचं वेगळं, ओल्याचं वेगळं, झोपेचं वेगळं. हे मी कधी ऐकलं नव्हतं. लेकीनं घाईनं लॉक काढलं, मीही काढलं. मला बघितल्यावर थांबला, पुढे झाला, माझे ओठ धरायला बघू लागला. बोटं काचेवर घसरली. पुन्हा धरायला गेला. पुन्हा घसरली. मग तर त्याला आवरेना.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, रागावू नकोस. थोडे दिवस त्याच्या झोपेच्या वेळी तू बोलू नकोस. तुझा आवाज आला की तो तुला शोधतो गं."

"बरं," मी म्हटलं. "मग कॉल ठेवू का?"

"नको, ठेवू नकोस! चालू राहू दे. म्यूटही करू नकोस. मला घर ऐकू यायला हवं." तिचाही आवाज बरा नव्हता. "फक्त तू बोलू नकोस."

त्या दुपारी दोन्हीकडच्या स्क्रीन काळ्या होत्या आणि मी माझ्याच घरात चोरासारखी वावरत होते. बांगड्यांशी तो इथे तासन्‌तास खेळला होता, म्हणून त्या कोपरापर्यंत वर सरकवून वर रुमाल बांधला. भांडी घासायची ठेवून दिली. ह्यांना खुणेनं सांगितलं, खुर्ची ओढू नका. खाली मेथीवाला ओरडत गेला, तेवढा आवाज गेला असेल तिकडे. पलीकडे नातू बराच वेळ कुरकुरत होता. एकदा थांबला आणि थांबूनच राहिला, कान देऊन असावा. मी ओठ दाताखाली धरले. मग हळूहळू श्वास लांब झाला.

"झोपला गं आई," लेक कुजबुजली.

मी हूंसुद्धा म्हटलं नाही.